चार भोके जुळली, तरी चाक बसले का?

आपल्या एकलहऱ्याला वीज केंद्र आहे. त्याची धुराडी नाशिकरोडवरूनही दिसतात. आपला रात्रीचा वर्ग भरतो तेव्हा खिडकीतून त्यांचे लाल दिवे दिसतात. या वर्गात एक मोटारचालक येतो. दिवसभर भाड्याची गाडी चालवतो. एकलहरे ते नाशिकरोड स्टेशन, स्टेशन ते कॉलनी, कधी शिर्डी, कधी त्र्यंबक. वय चाळीस. अक्षरे तीन महिन्यांत शिकला. आकड्यांचा मात्र त्याला कंटाळा. "गुरुजी, पैसे मोजता येतात, तेवढे आकडे पुरे," असे तो म्हणे.

एके रात्री तो उशिरा आला. हाताला काळे तेल लागलेले. तोंड उतरलेले. त्याने जुन्या बाजारातून गाडीसाठी चार अलॉय चाके घेतली होती. अलॉय म्हणजे मिश्रधातू. ही चाके लोखंडी पत्र्याची नसतात. ॲल्युमिनियममध्ये दुसरे धातू मिसळून ओतलेली असतात. दिसायला चकचकीत. नवी महाग पडतात, म्हणून पुष्कळ लोक जुनी घेतात. त्यात गैर काही नाही. याने चार चाकांचे बारा हजार मोजले. टायर वेगळे.

"विकणारा म्हणाला, चार भोकं, चार बोल्ट, बसलं म्हणजे बसलं. बसलं पण गुरुजी. मग साठाच्या वर गेलो की स्टेअरिंग थरथरायला लागलं. दोनदा बॅलन्सिंग केलं. मशीनवर चाक एकदम चोख. गाडीला लावलं की पुन्हा तेच. आज तर चाकाचा एक बोल्टच तुटला. मागे चार सवाऱ्या होत्या."

वर्ग गप्प झाला. चार सवाऱ्यांत एक आपल्या वर्गातल्या बाईंची सून होती. पाचव्या महिन्याची.

आमच्या शेजारी वीज केंद्रातून निवृत्त झालेले एक फिटर राहतात. त्यांना सगळे आबा म्हणतात. त्यांच्याजवळ व्हर्नियर आहे. व्हर्नियर म्हणजे जबडे असलेली मोजपट्टी. तिने मिलिमीटरचाही भाग मोजता येतो. दुसऱ्या दिवशी आबांना घेऊन आम्ही गाडीपाशी गेलो. त्या दिवशीचा धडा फळ्यावर झाला नाही, चाकावर झाला. तोच येथे लिहितो.

आबांनी चाक काढून पालथे घातले. आधी गाडीचे स्टड मोजले. स्टड म्हणजे हबमधून बाहेर आलेले आट्यांचे दांडे. बोलताना आपण त्यांनाच बोल्ट म्हणतो. समोरासमोरच्या दोन स्टडच्या आतल्या कडांमधले अंतर भरले ८८ मिलिमीटर. एका स्टडची जाडी १२. मग दोन्ही स्टडच्या मध्यापासून मध्यापर्यंत किती? दोन्हीकडची अर्धी अर्धी जाडी मिळवायची, म्हणजे एक पूर्ण जाडी. ८८ आणि १२, शंभर. चारही स्टडच्या मध्यातून एक वर्तुळ काढले, तर त्याचा व्यास १०० मिलिमीटर. या मापाला गॅरेजवाले पी.सी.डी. म्हणतात. चार स्टड आणि १०० चे वर्तुळ, म्हणून '४ × १००' असे लिहितात.

मग चाकाची भोके मोजली. समोरासमोरच्या भोकांच्या आतल्या कडांमधले अंतर ८४. भोकाची रुंदी १४. बेरीज ९८.

"दोन मिलिमीटर!" आमचा चालक म्हणाला. "एवढ्यासाठी?"

होय, एवढ्यासाठी. '४ × ९८' हे फियाटच्या उनो, पालिओ अशा जुन्या गाड्यांचे माप. त्या गाड्या आता नव्या मिळत नाहीत, पण त्यांची चाके बाजारात फिरतात. याची गाडी मारुतीची डिझायर, २०१८ सालची. तिचे माप १००. भोके स्टडपेक्षा थोडी मोठी असल्यामुळे चाक चढते. नट फिरतात. पान्ह्याला जोर लावला की आवळले गेल्यासारखे वाटते. पण प्रत्येक भोक आपल्या स्टडपासून एक मिलिमीटर आत सरकलेले असते.

त्याने काय बिघडते, ते नीट समजून घ्या. पुष्कळांना वाटते की गाडीचे वजन स्टडवर टांगलेले असते. तसे नसते. नट आवळला की स्टड अगदी किंचित ताणला जातो, ताणलेल्या स्प्रिंगसारखा. त्या ताणामुळे चाकाची पाठ हबच्या तोंडावर घट्ट दाबून धरली जाते. दोन सपाट पृष्ठभागांच्या त्या घट्ट पकडीवर चाक चालते. नटाचे टोक निमुळते असते आणि भोकाचे तोंडही तसेच उतरते असते. दोन्ही सर्व बाजूंनी टेकली, तर दाब सारखा. भोक एका अंगाला असले, तर नट एकाच कडेला टेकतो. तिथे धातू दबतो, खरवडतो आणि ताण निघून जातो. मग नट ढिला होतो, चाक डुगडुगते आणि जो ताण स्टडने कधी सोसायचा नाही तो त्याला फेऱ्या-फेऱ्याला सोसावा लागतो. शेवटी तो तुटतो. तार इकडून तिकडे वाकवत राहिलो की तुटते, तसाच.

बॅलन्सिंगचे कोडेही आबांनी तिथेच सोडवले. बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक स्टडने बसवत नाहीत. मधल्या मोठ्या भोकात शंकू घालून धरतात. मधले भोक बरोबर गोल होते, म्हणून मशीनवर चाक चोख फिरले. गाडीवर ते मध्यावर बसतच नव्हते. मशीन खोटे बोलले नाही. आपण त्याला चुकीचा प्रश्न विचारला.

आता त्या मधल्या भोकाविषयी. यालाही माप असते. डिझायर, स्विफ्ट यांच्या हबचा मधला गोल उंचवटा ५४.१ मिलिमीटरचा. ह्युंदाईच्या आय-ट्वेंटीचाही ५४.१. होंडा सिटीचा ५६.१. या तिन्ही गाड्या ४ × १०० याच मापाच्या. म्हणून होंडाचे चाक मारुतीवर चढते, पण मध्ये दोन मिलिमीटरची मोकळीक राहते. ती भरायला कडी मिळते. बाहेरून ५६.१, आतून ५४.१. तिला हब रिंग म्हणतात. किंमत थोडी, उपयोग मोठा. चाक आपोआप मध्यावर येते. उलटे मात्र होत नाही. मारुतीचे चाक होंडाच्या हबवर बसणार नाही. काही जण भोक कानशीने घासून मोठे करतात. असे घासलेले चाक फुकट दिले तरी घेऊ नका. हाताने घासलेले भोक गोल राहत नाही.

फोर्डच्या फिगोचे माप ४ × १०८. फोर्डने २०२१ साली आपल्या देशात गाड्या विकण्यासाठी बनवणे बंद करण्याचे जाहीर केले. तिचीही चाके आता जुन्या बाजारात दिसतात. १०० आणि १०८ यांतला फरक डोळ्याला कळतो. ९८ आणि १०० यांतला कळत नाही. म्हणून धोका तिथे जास्त.

पाच भोकांच्या चाकाला समोरासमोर भोक नसते. तिथे शेजारशेजारच्या दोन भोकांचे मध्य ते मध्य अंतर मोजा आणि त्याला १.७ ने गुणा. ६७ आले तर उत्तर ११४ च्या आसपास येईल, म्हणजे माप ११४.३. ५९ च्या जवळ आले तर १००. चार भोकांना शेजारच्या अंतरावरून काढायचे, तर १.४१ ने गुणावे; पण समोरासमोर मोजता येत असताना हा द्राविडी प्राणायाम कशाला?

आता नट. आपल्या वर्गात ज्यांनी शिलाई मशीन उघडले आहे, त्यांना आटे माहीत आहेत. दोन आट्यांमधले अंतर सगळीकडे सारखे नसते. मारुतीच्या स्टडवर ते १.२५ मिलिमीटर असते. होंडा, ह्युंदाई, टोयोटा यांच्यावर १.५. जाडी दोन्हीकडे १२ च. जुन्या चाकांबरोबर विकणारा पिशवीभर नट देतो. ते कुणाचे, त्यालाही ठाऊक नसते. म्हणून पान्हा हातात घेण्याआधी नट बोटांनी फिरवा. तीन-चार आटे बोटांनी सहज गेले पाहिजेत. अडकला तर तो नट या घरचा नव्हे. जोर केलात, तर स्टडचे आटे जातील.

नट किती फेरे घेतो, तेही मोजा. नटाने स्टडला निदान स्टडच्या जाडीइतके धरले पाहिजे, म्हणजे १२ मिलिमीटर. १.५ च्या आट्यांना १२ भागिले १.५, म्हणजे ८ फेरे. १.२५ च्या आट्यांना जवळजवळ १०. अलॉय चाक हबपाशी लोखंडी चाकापेक्षा जाड असते, त्यामुळे स्टड कधी कधी तोकडा पडतो. चार-पाच फेऱ्यांतच नट घट्ट झाला, तर ते चाक तुमच्या गाडीचे नाही, किंवा नट तरी नाहीत.

नटाचे तोंड दोन-तीन तऱ्हांचे असते. काहींचे निमुळते, काहींचे चेंडूसारखे गोल. होंडाच्या मूळ चाकांना गोल तोंडाचे नट लागतात. भोक गोल आणि नट निमुळता असला, तर तो फक्त एका रेघेवर टेकतो. ओळखायची युक्ती सोपी आहे. नटाच्या तोंडाला खडू चोळा, भोकात घालून हाताने फिरवा आणि बाहेर काढा. भोकात खडूचा रुंद पट्टा उठला तर जोडी जमली. बारीक रेघ उठली किंवा एकाच अंगाला डाग पडला, तर नाही जमली. खडू आमच्याकडे हवे तेवढे आहेत, घेऊन जा.

वर्गातल्या ज्या बाईंची सून त्या गाडीत होती, त्यांनी एक चांगला प्रश्न विचारला. "आधीचं चाक चौदा इंची होतं. आता पंधरा इंची लावलं. मग गाडीचा काटा खोटं दाखवणार नाही का?"

हा प्रश्न मला मॅट्रिकच्या पोरांनीही विचारला नसता. उत्तर टायरवर लिहिलेले असते. याच्या जुन्या टायरवर १६५/८० आर १४ असे होते. १६५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे टायरची भिंत त्या रुंदीच्या शेकडा ८० उंच. १४ म्हणजे चाकाचा व्यास इंचांत. एक इंच २५.४ मिलिमीटर. आता पाटी घ्या. १६५ चे शेकडा ८० म्हणजे १३२. वरची एक भिंत आणि खालची एक, २६४. चौदा इंच म्हणजे ३५५.६. एकूण ६१९.६ मिलिमीटर. नवा टायर १८५/६५ आर १५. १८५ चे शेकडा ६५ म्हणजे १२०.२५. दुप्पट २४०.५. पंधरा इंच म्हणजे ३८१. एकूण ६२१.५. फरक दोन मिलिमीटरही नाही. काटा खोटे बोलणार नाही. ही दोन्ही मापे कंपनीनेच याच गाडीच्या साध्या आणि भारी प्रकारांना दिलेली आहेत. चाक मोठे झाले, पण भिंत बुटकी झाली. इथे विकणाऱ्याचे म्हणणे बरोबर निघाले, हेही सांगितले पाहिजे.

सर्वांत अवघड माप ऑफसेट. हे समजायला मला स्वतःला दोन दिवस लागले. चाकाच्या रुंदीच्या बरोबर मधून एक रेघ कल्पा. चाक हबला जिथे टेकते ती पाठ त्या रेघेवर नसते. सहसा बाहेरच्या बाजूला असते. किती बाहेर, ते अंतर म्हणजे ऑफसेट. चाकाच्या पाठीमागे इंग्रजी 'ई टी' ही अक्षरे आणि पुढे आकडा असतो. ई टी ४५ म्हणजे ४५ मिलिमीटर. आकडा जितका मोठा, तितके चाक आत जाते. लहान झाला की चाक बाहेर येते.

समजा तुमचे जुने चाक ६ इंच रुंद, ई टी ४५. नवे साडेसहा इंच, ई टी ३५. सहा इंचांचे निम्मे ७६.२; त्यातून ४५ गेले, ३१.२ उरले. साडेसहाचे निम्मे ८२.५, त्यातून ३५ गेले, ४७.५ उरले. म्हणजे नवे चाक सोळा मिलिमीटर बाहेर येणार. करंगळीच्या रुंदीपेक्षाही जास्त. रिकाम्या गाडीत कळणार नाही. पाच माणसे बसली आणि गाडी खड्ड्यात आपटली, की टायर मडगार्डच्या कडेला घासेल. शिवाय बेअरिंगवर भार वाढेल आणि स्टेअरिंग जड होईल. आकडा फार मोठा असला, तर उलटे होते. टायर आत शॉकॲबसॉर्बरला घासतो.

आकडा पुसला असेल तर काय करावे? चाक पालथे ठेवा. कडेवर सरळ काठी आडवी ठेवा. काठीपासून चाकाच्या पाठीपर्यंत खोली मोजा. गाडीच्या जुन्या चाकाचीही तशीच मोजा. दोन्हींची रुंदी सारखी असेल, तर खोलीतला फरक तोच ऑफसेटमधला फरक. रुंदी वेगळी असेल, तर दोन्ही कडांचा हिशेब वेगवेगळा करावा लागेल.

चाकाच्या पाठीवर आणखीही लिहिलेले असते. '१५ × ६ जे' म्हणजे व्यास पंधरा इंच, रुंदी सहा इंच. 'जे' हा कडेचा आकार. जपानी पद्धतीने तपासलेल्या चाकावर 'जे डब्ल्यू एल' ही तीन अक्षरे असतात. कुठे भाराचा आकडा असतो, किलोत किंवा पौंडांत. गाडी पूर्ण भरल्यावर ज्या आसावर जास्त वजन येते, त्याच्या निम्मे तरी एका चाकाने पेलले पाहिजे. आसावर ७६० किलो, तर चाकावर ३८० च्या वरचा आकडा हवा. पौंडांत असेल तर २.२ ने भागा. ज्या चाकाच्या पाठीवर काहीच लिहिलेले नाही, ते मी तरी घेणार नाही.

माप जमले तरी माल शाबूत आहे का, ते पाहायचे राहते. नव्या रंगाला भुलू नका. चाकाची पुढची बाजू विकणारा पुसतो. मागची बाजू खरी असते. आतल्या गोल भिंतीवर बोट फिरवा. वेल्डिंगचा उंचवटा, केसाएवढी चीर, दबलेली कड शोधा. टायर नसलेले चाक हातात लोंबते धरून लाकडाने हलकेच ठोका. शाबूत चाक शाळेच्या घंटेसारखे वाजते. चिरलेले बद्द वाजते. ही काही पक्की परीक्षा नव्हे, पण पस्तीस वर्षे घंटा ऐकलेल्या माणसाला फसवणे कठीण. पक्की परीक्षा बॅलन्सिंगच्या मशीनवर. चाक फिरवून कडेजवळ पेन्सिल धरा. कड पेन्सिलीजवळ येऊन लांब जात असेल, आणि तो फरक एका मिलिमीटरहून जास्त असेल, तर चाक वाकलेले आहे.

चाकाबरोबर टायरही देत असतील, तर टायरच्या भिंतीवर चार आकडे शोधा. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसो, जुने रबर कडक होऊन तडकते.

पावती घ्या. विकणाऱ्याचे नाव, पत्ता, सही. रात्री उभ्या गाड्यांची चाके चोरीला जातात, आणि चोरीचा माल जाणूनबुजून घेणे गुन्हा आहे. कायद्याची दुसरी बाजूही आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे कंपनीने ठरवलेल्या तपशिलाबाहेर गाडीत मनाने बदल करता येत नाहीत. भाड्याच्या गाडीवाल्याने तर कंपनीच्या मापांतच राहावे.

पुढच्या रविवारी आम्ही तिघे बाजारात गेलो. आबांच्या खिशात व्हर्नियर, माझ्या पिशवीत खडू आणि काठी. चालकाने वहीत मापे लिहून आणली होती. ४ × १००. ५४.१. १.२५. १५. पहिल्या दुकानात चाके सुरेख होती. त्याने पाठ उलटून स्वतः वाचले, "ई टी ३०", आणि आमच्याकडे न पाहताच खाली ठेवली. दुकानदार म्हणाला, "चालतंय हो, सगळे लावतात." तो म्हणाला, "सगळ्यांच्या गाडीत मी बसत नाही." तिसऱ्या दुकानात त्याच्याच जातीच्या गाडीची चाके मिळाली. एकाची कड किंचित दबलेली होती, ते बदलून घेतले.

बसवताना आधी हबचे तोंड तारेच्या ब्रशने घासले. गंजाचा पापुद्रा राहिला, की पकड खोटी. पुढचे एक चाक लावून हाताने फिरवले. ब्रेकच्या कॅलिपरला आरी घासत नाही ना, ते पाहिले. स्टेअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे. मग मागे चौघांना बसवून कडेत बोट घालून पाहिले. नट समोरासमोर, थोडे थोडे आवळले. शेवटचा आवळ कंपनीच्या पुस्तिकेतल्या मापाने, टॉर्क पान्ह्याने. तुटलेला स्टड नवा घातलाच, शेजारचे तीनही बदलले. पैसे गेले, पण ते ताणलेले होते. स्टेपनी लोखंडी राहिली, म्हणून तिचे जुने नट पिशवीत बांधून डिकीत ठेवले.

जुन्या चार चाकांचे काय? एक ओळखीचा चालक दहा हजार द्यायला तयार होता. त्याच्याकडेही डिझायरच. याने दिली नाहीत. चारही चाकांच्या पाठीवर रंगाने मोठा '९८' लिहिला आणि एका जुन्या पालिओवाल्याला सात हजाराला दिली. पाच हजारांचे नुकसान त्याने कुणाला सांगितले नाही. मला वहीतल्या हिशेबात दिसले.

शंभर किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा तपासायचे असतात. चौथ्या दिवशी तो वर्गात लवकर आला आणि म्हणाला, "गुरुजी, पंधरा नट जागेवर. एकाने पाव फेरा घेतला."

पाटीवर करा: एका चाकाच्या समोरासमोरच्या भोकांच्या आतल्या कडांमध्ये ९३ मिलिमीटर अंतर आहे. भोक १५ मिलिमीटरचे. हे चाक वर सांगितलेल्यांपैकी कोणत्या गाडीचे? दुसरे, डिझायरला कुणी १८५/६० आर १५ टायर घातला. त्याची उंची किती भरेल? काटा ६० दाखवील, तेव्हा गाडी खरोखर साठाने पळत असेल, की कमी?